ऐंशीनंतरचे बंड

१९५९ च्या जानेवारीत नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा चक्रवर्ती राजगोपालाचारी ऊर्फ राजाजी हे नाव देशाच्या राजकारणात जवळजवळ जमा झाल्यासारखे होते. आदल्याच महिन्यात त्यांनी वयाची ऐंशी वर्षे पूर्ण केली होती. मुख्यमंत्री, राज्यपाल, गव्हर्नर जनरल, केंद्रीय गृहमंत्री अशी सगळी पदे भोगून झाली होती. भारतरत्न हा किताब पहिल्यांदा दिला गेला, तेव्हा ज्या तिघांना तो मिळाला त्यांत ते होते. त्यांच्या तमिळ रामायणाला नुकताच साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. टक्कल, काळा चष्मा, खादीचे धोतर, हातात काठी आणि सोबतीला जुना दमा. अशा माणसाने मद्रासच्या त्यागरायनगरातील घरात बसावे, नातवंडांना महाभारतातल्या गोष्टी सांगाव्यात आणि अधूनमधून वर्तमानपत्रातून दोन शब्द कानी घालावेत, अशीच सर्वांची अपेक्षा असणार. राजाजी हे सगळे करीतही होते. पण नागपूरच्या मांडवात एक ठराव झाला आणि पाच महिन्यांच्या आत या म्हाताऱ्याने एक नवा अखिल भारतीय पक्ष काढला.

ठराव होता संयुक्त सहकारी शेतीचा. शेतकऱ्यांनी आपापल्या जमिनी एकत्र कराव्यात, मालकी ज्याची त्याची राहील, पण नांगर एकत्र चालेल, उत्पन्न जमिनीच्या आणि श्रमाच्या हिशेबाने वाटले जाईल, असा त्याचा आशय. त्याची पहिली पायरी म्हणून तीन वर्षांत गावोगाव सेवा सहकारी संस्था उभ्या करायच्या होत्या. ठरावामागे पंडित नेहरूंचा आग्रह होता, त्यामुळे तो संमत होणार हे ठरलेलेच होते. मांडवात उभे राहून ठाम विरोध केला तो उत्तर प्रदेशाच्या चरणसिंगांनी. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण या गोष्टीच्या शेवटाकडे ते पुन्हा येणार आहे.

४ जून १९५९ रोजी मद्रासमध्ये स्वतंत्र पक्षाची घोषणा झाली. १ आणि २ ऑगस्टला मुंबईत त्याचे पहिले संमेलन भरले. मध्यवर्ती कचेरीही मुंबईतच, महात्मा गांधी रोडवरील ससून बिल्डिंगमध्ये थाटली गेली. पक्षाला निवडणूक चिन्ह मिळाले तारा. हा तारा जेमतेम पंधरा वर्षे चमकला. लोकसभेत १८ जागा, मग ४४, मग ८, आणि त्यानंतर विसर्जन, अशी त्याची सगळी कुंडली. यातली एकही जागा, मुंबईत कचेरी असूनही, महाराष्ट्रातून आली नाही. आणि ज्याने हा पक्ष काढला त्याने स्वतः, प्रौढ मतदानाचा हक्क आल्यानंतर, एकदाही सामान्य मतदारापुढे उमेदवार म्हणून हात जोडले नाहीत. मते मागण्याची हौस नसलेल्या माणसाने मतांच्या बाजारात दुकान मांडले होते.

राजाजींचा जन्म १० डिसेंबर १८७८ चा, त्या वेळच्या सेलम जिल्ह्यात होसूरजवळच्या थोरपळ्ळी या लहानशा खेड्यातला. घर वैष्णव अय्यंगार ब्राह्मणाचे, परिस्थिती बेताची. शिक्षण होसूर, बंगळूर आणि मद्रास इथे झाले. १९०० च्या सुमारास त्यांनी सेलमला वकिली सुरू केली आणि ती चांगलीच चालली. लग्न लवकर झाले होते. पाच मुले पदरात टाकून पत्नी १९१६ साली गेली. राजाजींचे वय तेव्हा सदतीस. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. पुढे थोरली मुलगी नामगिरी लहान वयात विधवा होऊन माहेरी आली आणि तिनेच अखेरपर्यंत वडिलांचे घर सांभाळले. सेलम नगरपालिकेचे ते आधी सभासद आणि मग अध्यक्ष होते. त्यांच्या सार्वजनिक आयुष्याची सुरुवात अशी नळ, गटारे आणि घरपट्टी यांतून झाली. हिशेबी स्वभाव बहुधा तिथलाच.

१९१९ मध्ये मद्रासला गांधीजींशी भेट झाली आणि वकिलीवर पाणी पडले. गांधीजी त्यांच्याच घरी उतरले होते आणि रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ पाळण्याची कल्पना त्यांना तिथेच सुचली. त्यानंतरची दोन तपे राजाजी गांधीजींचे दक्षिणेतले उजवे हात होते. वेल्लोरचा तुरुंगवास, तिरुचेंगोडचा आश्रम, १९३० मध्ये तिरुचिरापल्लीपासून वेदारण्यमपर्यंतची मिठाच्या सत्याग्रहाची पदयात्रा, हे सारे त्यात आले. १९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींतही ते होते.

पुण्याशी त्यांचा आणखी एक संबंध जुन्या पुणेकरांना आठवत असेल. राजाजींची धाकटी मुलगी लक्ष्मी आणि गांधीजींचे चिरंजीव देवदास यांनी एकमेकांना पसंत केले होते. मुलगी ब्राह्मणाची, मुलगा वैश्याचा. दोन्ही वडील सुधारक खरे, पण मुलांची परीक्षा पाहण्यात दोघेही कडक. त्यांनी मुलांना काही वर्षे दूर राहून थांबायला लावले. अखेर १६ जून १९३३ रोजी लेडी ठाकरसींच्या पर्णकुटीत हा विवाह झाला. गांधीजी तिथेच एकवीस दिवसांच्या उपोषणातून नुकते उठले होते. पौरोहित्य केले ते वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी. धर्मशास्त्राचा आधार दाखवून जातीबाहेरचे लग्न लावायचे, ही रीत राजाजींच्या प्रकृतीला नेमकी मानवणारी होती. जुने मोडायचे, पण जुन्याच्या साक्षीने मोडायचे. त्यांना सनातनी म्हणणाऱ्यांनी आणि पुरोगामी म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही त्यांची ही खोड नीट ओळखली नाही.

१९३७ मध्ये ते मद्रास प्रांताचे पंतप्रधान झाले. प्रांताच्या मुख्य मंत्र्याला तेव्हा असेच म्हणत. विधानसभेत ते गेले ते विद्यापीठाच्या, म्हणजे पदवीधरांच्या मतदारसंघातून. सत्तेवर येताच त्यांनी आपल्या सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली. तिने तिजोरीला पडलेले भोक बुजवायला १९३९ मध्ये विक्रीकर बसवला. हा सर्वसाधारण विक्रीकर देशातला पहिलाच. पुढे सरकारी हस्तक्षेपाविरुद्ध रान उठवणाऱ्या माणसाच्या नावावर हा कर जमा आहे, हे आज प्रत्येक दुकानदाराला गंमतीचे वाटेल. त्याच कारकिर्दीत मंदिरप्रवेशाचा कायदा झाला आणि त्याच कारकिर्दीत शाळांतून हिंदी सक्तीची झाली. हिंदीविरुद्धच्या आंदोलनात रामस्वामी नायकर पेरियार यांच्यासह कितीतरी लोक तुरुंगात गेले. तमिळ राजकारणात राजाजींविरुद्धचा कडवटपणा तेव्हापासूनचा.

१९४२ मध्ये सारा देश चले जावच्या घोषणांनी पेटला असताना हे गृहस्थ वेगळाच सूर लावून बसले. मुस्लिम लीगशी समझोता केल्याशिवाय इंग्रज जाणार नाहीत, आणि फाळणीचे तत्त्व मान्य केल्याशिवाय समझोता होणार नाही, असे त्यांचे गणित. त्यासाठी त्यांनी काँग्रेस सोडली. लोकांच्या शिव्या खाल्ल्या, सभांतून अपमान सोसला. पाच वर्षांनी देशाला तेच मान्य करावे लागले, पण वेळेआधी बरोबर ठरणाऱ्याला राजकारणात बक्षीस नसते. स्वातंत्र्यानंतर ते बंगालचे राज्यपाल आणि मग जून १९४८ ते २६ जानेवारी १९५० या काळात हिंदुस्थानचे शेवटचे गव्हर्नर जनरल झाले. त्या खुर्चीवर बसलेले ते एकटेच भारतीय. पहिले राष्ट्रपती त्यांनीच व्हावे अशी नेहरूंची इच्छा होती. काँग्रेस खासदारांना मात्र ४२ साल विसरता आले नाही आणि मान राजेंद्रबाबूंना मिळाला.

१९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. मद्रास राज्यात काँग्रेसला ३७५ पैकी १५२ जागा मिळाल्या आणि कम्युनिस्टांच्या आधाराने विरोधकांचे सरकार येण्याची चिन्हे दिसू लागली. अशा वेळी निवृत्त राजाजींना बोलावून आणले गेले. पोटनिवडणूक लढवायला त्यांनी नकार दिला, तेव्हा राज्यपालांनी त्यांना विधान परिषदेवर नेमले आणि नेमलेला माणूस मुख्यमंत्री झाला. लोकशाहीच्या दृष्टीने ही सुरुवात काही शोभादायक नव्हती. राजाजींच्या चाहत्यांनीही हे मान्य करायला हवे. पण आल्या आल्या त्यांनी धान्यावरचे नियंत्रण आणि रेशनिंग उठवले. अधिकारी घाबरले होते, व्यापारी साशंक होते, दुष्काळाची आठवण ताजी होती. तरी धान्य बाजारात आले आणि संकट ओढवले नाही. सरकारने मधून बाजूला व्हावे आणि माणसांना आपापसांत व्यवहार करू द्यावा, ही पुढच्या स्वतंत्र पक्षाची शिकवण त्यांनी पुस्तकातून नव्हे, रेशनच्या रांगेतून उचलली होती, असे मला वाटते.

दुसऱ्या प्रयोगाने मात्र घात केला. १९५३ मध्ये त्यांनी प्राथमिक शाळांसाठी योजना काढली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत शिकावे आणि उरलेला वेळ घरचा धंदा शिकावा. शाळा कमी, मुले फार, यावरचा हा तोडगा. पण घरचा धंदा म्हणजे जातीचा धंदा, हा अर्थ लोकांनी तत्काळ लावला, आणि तो लावण्यात त्यांचे काही चुकले नाही. चांभाराच्या मुलाने दुपारी आरी हातात घ्यावी, असे एका ब्राह्मण मुख्यमंत्र्याने सांगावे आणि तेही पेरियारांच्या मुलखात! द्रविड मुन्नेत्र कळघमने रान पेटवले, काँग्रेसमधून कामराजांनी पाय ओढला आणि एप्रिल १९५४ मध्ये राजाजी घरी गेले. कामराज मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी योजना गुंडाळली. १९५७ मध्ये राजाजींनी काँग्रेस सोडली ती कायमची.

अशी सगळी पार्श्वभूमी असलेला माणूस १९५९ मध्ये नवा पक्ष घेऊन उभा राहिला. त्याच्याभोवती जमलेली मंडळी पाहण्यासारखी होती. अध्यक्ष झाले आंध्रचे प्रा. एन. जी. रंगा, किसान चळवळीतले जुने नेते. संघटनेचा भार उचलला मिनू मसानी यांनी. हे मुंबईचे माजी महापौर. तरुणपणी नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता यांच्याबरोबर काँग्रेस समाजवादी पक्षाची मांडणी करणारे. तेच आता समाजवादाचे कट्टर वैरी झाले होते. भारतीय विद्या भवनाचे कन्हैयालाल मुन्शी, संस्थाने विलीन करण्यात सरदार पटेलांचे सहायक असलेले व्ही. पी. मेनन, उद्योगपती होमी मोदी असे एकेक जण येत गेले. पक्षाची एकवीस कलमे होती. शेवटच्या कलमाप्रमाणे मूलभूत तत्त्वे सोडून इतर बाबतींत सभासदाला हवे तसे बोलण्याची आणि मत देण्याची मुभा होती. आजच्या व्हिपच्या जमान्यात हे खरे वाटत नाही. पण राजाजींच्या घरातच त्याचा नमुना होता. पक्ष स्थापन झाला तेव्हा त्यांचे चिरंजीव नरसिंहन लोकसभेत काँग्रेसच्या बाकावर बसत होते.

राजाजींच्या टीकेचा रोख एका शब्दप्रयोगात साठला आहे, आणि तो त्यांचाच: परमिट-लायसन्स-कोटा राज. आजोबा-पणजोबांच्या तोंडून ऐकलेला तो काळ तरुण वाचकांना कळायचा नाही. कारखाना काढायला परवाना, वाढवायला परवाना, सिमेंटला परमिट, स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर. राजाजींचे म्हणणे असे होते, की ज्याच्या हातात परवाना त्याच्या पायाशी उद्योगपती, आणि ज्याच्या पायाशी उद्योगपती त्याच्या पेटीत निवडणुकीचा पैसा. म्हणजे हा प्रश्न केवळ अर्थकारणाचा नव्हता, सत्ताधारी पक्ष कधी हरूच शकणार नाही अशा व्यवस्थेचा होता. स्वराज्य साप्ताहिकात ते आठवड्यामागून आठवडे हे लिहीत राहिले.

१९६२ मध्ये पक्षाची पहिली परीक्षा झाली. लोकसभेच्या १८ जागा आणि ७.८९ टक्के मते. तीन वर्षांच्या पक्षाला हे यश लहान नव्हते. जनसंघाला १४ जागा होत्या. पण जागा कुठून आल्या ते पाहावे. बिहारमधून ७, गुजरातमधून ४, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातून प्रत्येकी ३, आंध्रातून १. बिहार विधानसभेत पक्षाचे ५० आमदार आले ते रामगढच्या राजांच्या जोरावर. त्यांनी आपला जनता पक्ष स्वतंत्रमध्ये विलीन केला होता. राजस्थानात ३६ आमदार आले त्यामागे जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी. बडोद्याच्या सयाजीरावांची ही नात. लोकसभेला मोजलेल्या २,४६,५१६ मतांपैकी १,९२,९०९ मते एकट्या त्यांना पडली आणि हा विक्रम गिनीजच्या पुस्तकात गेला. त्याच निवडणुकीत पक्षाचे अध्यक्ष रंगा पडले, मसानीही पडले. दोघांनाही पुढे पोटनिवडणुकीतून, चित्तूर आणि राजकोटहून, लोकसभेत यावे लागले. विचार सांगणारे हरले आणि मुजरे घेणारे जिंकले, असा हा निकाल होता.

राजाजींच्या पक्षाची सगळी शोकांतिका या आकड्यांत आहे. पक्ष उभा राहिला लहान शेतकऱ्याच्या जमिनीसाठी आणि मते आली जहागिरी गेलेल्यांच्या दरबारातून. राजे रयतेची मते आणू शकत, पण ती मते राजाची असत, ताऱ्याची नसत. रामगढचे राजे पुढे पक्ष सोडून गेले, तेव्हा १९६७ मध्ये बिहार विधानसभेत ५० च्या ३ जागा झाल्या. राजाजींना हे दिसत नव्हते असे नाही. पण संघटना बांधायला वेळ लागतो आणि ऐंशी उलटलेल्या माणसाजवळ नेमका तोच नसतो.

आता आपल्या महाराष्ट्राचे काय? १९६२ च्या विधानसभेत काँग्रेसच्या २१५ जागा, शेतकरी कामगार पक्षाच्या १५, स्वतंत्र पक्षाचे शून्य. १९६७ मध्येही शून्य. लोकसभेत दोन्ही वेळा शून्य. पक्षाचे एक जाणते मराठी खासदार, आय.सी.एस. मधून आलेले नारायण दांडेकर, हेही निवडून आले ते आधी उत्तर प्रदेशातील गोंड्यातून, निवडणूक अर्ज जिंकून, आणि मग गुजरातेतल्या जामनगरहून. मुंबईच्या फोर्टमधल्या कचेरीतून पत्रके निघत होती, पैसा येत होता, फोरम ऑफ फ्री एंटरप्राइजची व्याख्याने होत होती आणि ती ऐकायला सुशिक्षित मंडळी गर्दी करीत होती. फोर्टच्या बाहेर मात्र हे वारे पोचलेच नाही.

याची कारणे शोधायला फार खोल जायला नको. आपल्याकडे बहुतेक भागात रयतवारी होती. ज्यांच्या एका शब्दावर लाखभर मते पडावीत असे जमीनदार नव्हते. शिवाय १९५६ ते ६० हा काळ संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा. भाषावार प्रांतरचनेला राजाजींचा विरोध जगजाहीर होता. मुंबईसाठी १०५ माणसे धारातीर्थी पडली असताना मराठी माणूस अशा नेत्याच्या पक्षाकडे कशाला वळेल? आणि सर्वांत मोठे कारण वेगळेच. राजाजींना ज्या शब्दाची धडकी भरली होती, तो सहकार हा शब्द आपल्या शेतकऱ्याला गोड लागत होता, अगदी शब्दशः. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना १९५० पासून साखर काढीत होता. त्यात जमीन एकत्र करायची नव्हती, ऊस एकत्र करायचा होता. जमीन ज्याची त्याच्याकडे, कारखाना सगळ्यांचा. नागपूरच्या ठरावातला सहकार आणि लोणीचा सहकार यांत जमीनअस्मानाचे अंतर होते, पण मराठी शेतकऱ्याने पाहिला होता तो लोणीचा. त्याला सहकाराची भीती घालणे म्हणजे ज्याच्या घरात गूळ शिजतो त्याला गोडाची भीती घालणे. यशवंतराव चव्हाणांनी हाच शेतकरी काँग्रेसशी बांधून ठेवला. गंमत अशी, की नागपूरची संयुक्त शेती देशात कुठे धड उभी राहिलीच नाही. ठराव कागदावर राहिला आणि त्याच्या भीतीतून जन्मलेला पक्ष मात्र मैदानात उरला.

पहिल्या निवडणुकीनंतर त्याच वर्षी, त्र्याऐंशी वर्षांचे राजाजी गांधी शांती प्रतिष्ठानच्या शिष्टमंडळातून अमेरिकेला गेले आणि अणुचाचण्या थांबवा असे सांगायला राष्ट्राध्यक्ष केनेडींना भेटले. दिल्लीत परतल्यावर पुन्हा निवडणुकीचा हिशेब. त्यांचा सिद्धांत सरळ होता: काँग्रेसविरोधी मते फुटतात म्हणून काँग्रेस येते. तेव्हा ती फुटू द्यायची नाहीत. यासाठी त्यांनी ज्यांच्याशी हात मिळवला ते नाव ऐकून मद्रासची ब्राह्मण वस्ती थक्क झाली. ज्या द्रमुकने १९५४ मध्ये त्यांना खुर्चीवरून खाली खेचायला हातभार लावला, तोच द्रमुक. दरम्यान १९६५ मध्ये हिंदीविरुद्धचे आंदोलन पुन्हा पेटले होते आणि १९३८ मध्ये हिंदी सक्तीची करणारे राजाजी आता हिंदी लादू नका म्हणणाऱ्यांच्या पुढच्या रांगेत होते. याला कोणी संधिसाधूपणा म्हणेल. पण वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी स्वतःसाठी साधायची संधी कोणती उरली होती, हेही विचारायला हवे.

१९६७ ने त्यांचा सिद्धांत खरा ठरवला. लोकसभेत काँग्रेस ५२० पैकी २८३ वर आली. स्वतंत्र पक्ष ४४ जागा आणि ८.६७ टक्के मते घेऊन सर्वांत मोठा विरोधी पक्ष बनला. गुजरातमधून १२ खासदार आले. तिथे वल्लभ विद्यानगर वसवणारे भाईलालभाई पटेल, भाईकाका, यांनी पाटीदार आणि क्षत्रिय यांची मोट बांधली होती. विधानसभेत १६८ पैकी ६६ जागा मिळाल्या. ओरिसात १४० पैकी ४९ जागांवर राजेंद्र नारायण सिंगदेव मुख्यमंत्री झाले आणि आघाडीचे सरकार जवळजवळ चार वर्षे चालले. स्वतंत्र पक्षाचा हा पहिला आणि शेवटचा मुख्यमंत्री, आणि तोही जुना महाराजाच. राजस्थानात काँग्रेस ८९ वर अडली, पण विरोधकांच्या हाती सत्ता येता येता राष्ट्रपती राजवट आली आणि नंतर पुन्हा काँग्रेसच बसली. मद्रासमध्ये काँग्रेस भुईसपाट झाली, स्वतः कामराज पडले. तिथे मात्र राजाजींचा हिशेब अर्धाच जुळला. द्रमुकला एकट्याच्या बळावर बहुमत मिळाले. अण्णादुराईंना राजाजींच्या २० आमदारांची गरजच उरली नाही. लग्न लावून देणाऱ्या भटजीला दक्षिणा मिळाली, पंगतीत पान मात्र वाढले गेले नाही.

१९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत गिरी आणि संजीव रेड्डी यांच्या झुंजीत तिसरे नाव होते आपल्या चिंतामणराव देशमुखांचे. ते उभे केले होते स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी. मुंबईच्या प्रश्नावर नेहरूंच्या मंत्रिमंडळातून राजीनामा देणारा हा बाणेदार अर्थमंत्री. पहिल्या पंचवार्षिक योजनेचा हिशेब सांभाळणाऱ्याला योजनेच्या शत्रूंनी उमेदवार करावे, हाही योगच. त्यांना १,१२,७६९ इतक्या मूल्याची मते मिळाली. त्याच वर्षी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेले रुस्तम कूपर हे स्वतंत्र पक्षातलेच. पालखीवालांनी त्यांची बाजू मांडली आणि १० फेब्रुवारी १९७० रोजी कायदा रद्द झाला. सरकारने लगेच नवा केला. न्यायालयात जिंकायचे आणि मतपेटीत हरायचे, अशी पक्षाला जणू सवयच लागली.

१९७१ मध्ये इंदिरा गांधींनी मुदतीआधी लोकसभेची निवडणूक घेतली. स्वतंत्र, जनसंघ, संघटना काँग्रेस आणि संयुक्त समाजवादी यांनी बडी आघाडी केली. चार वर्षांपूर्वी यशस्वी झालेला तोच डाव. पण या वेळी समोर जुनी काँग्रेस नव्हती. गरिबी हटवण्याचे आश्वासन देणारी बाई होती आणि आघाडीजवळ तिला हटवण्याखेरीज सांगायला काही नव्हते. मते एकत्र केली, पण कशासाठी ते मतदाराला कळले नाही. इंदिराजींना ३५२ जागा, स्वतंत्र पक्षाला ८ जागा आणि ३.०७ टक्के मते. तमिळनाडूत राजाजींनी द्रमुकला सोडून कामराजांशी सलगी केली होती. सतरा वर्षांचे वैर विसरून हे दोन वृद्ध एका व्यासपीठावर आले, पण विधानसभेच्या २३४ पैकी १८४ जागा द्रमुकने नेल्या. मसानी राजकोटला पडले आणि राजकारणातून बाजूला झाले.

पराभवापेक्षा राजाजींना दुसरीच गोष्ट लागली. त्याच वर्षी द्रमुक सरकारने महसुलासाठी दारूबंदी उठवायचे ठरवले. ब्याण्णव वर्षांचे राजाजी मुख्यमंत्री करुणानिधींना भेटायला गेले आणि बंदी उठवू नका अशी त्यांनी विनवणी केली. तिचा उपयोग झाला नाही. ३४ वर्षांपूर्वी सेलमला ज्या कामाने त्यांनी सत्तेची सुरुवात केली होती ते डोळ्यांदेखत पुसले गेले. व्यापारात सरकारची लुडबुड नको म्हणणारा माणूस माणसाच्या हातातला प्याला मात्र कायद्याने काढून घ्यायला तयार होता. त्यांच्या उदारमतवादी शिष्यांना हे कधी उलगडले नाही. ज्यांनी सेलमच्या खेड्यांतून ताडीने धुतलेली घरे पाहिली होती त्यांना ते सांगावे लागत नव्हते.

२५ डिसेंबर १९७२ रोजी मद्रासच्या सरकारी इस्पितळात राजाजींनी देह ठेवला. चौऱ्याण्णवावा वाढदिवस होऊन पंधरा दिवस झाले होते.

त्यांच्यामागे पक्ष पिलू मोदींच्या हाती होता. ऑगस्ट १९७४ मध्ये त्यांनी तो भारतीय लोकदलात विसर्जित केला. लोकदलाचे नेते होते चरणसिंग, नागपूरच्या मांडवात उभे राहिलेले तेच. १९७७ मध्ये घाईघाईने जुळलेल्या जनता पक्षाला स्वतःचे चिन्ह नव्हते, तेव्हा तो लोकदलाच्या नांगरधारी शेतकऱ्यावर लढला आणि दिल्लीत पोचला. त्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झालेले एच. एम. पटेल हे १९७१ च्या वाताहतीतही ताऱ्यावर निवडून आलेल्या आठांपैकी एक. परवाना राज मोडायला सुरुवात झाली ती जुलै १९९१ मध्ये, आणि ती केली काँग्रेसच्याच सरकारने.

महाराष्ट्रातल्या स्वतंत्र पक्षाने विलीन व्हायला नकार दिला होता. मूठभर माणसे उरली होती. १९८९ पासून पक्षाची नोंदणी करायची तर समाजवादावर निष्ठा जाहीर करणे कायद्याने बंधनकारक झाले. ते करायचे कसे? जन्मच त्याच्या विरोधातला. नव्वदच्या दशकात पक्षाचे जुने कार्यवाह एस. व्ही. राजू यांनी याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. त्याच दशकात, १९९४ मध्ये, शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी नवा पक्ष काढला आणि त्याला नाव दिले स्वतंत्र भारत पक्ष. राजे नव्हते, उद्योगपती नव्हते, होते ते कापूस आणि कांदा पिकवणारे. २००४ च्या विधानसभा निवडणुकीत या पक्षाचे वामनराव चटप राजुऱ्यातून निवडून आले. नागपूरहून दक्षिणेला निघाले, चंद्रपूर ओलांडले, की राजुरा लागते.